वेशीबाहेरची जोडी

शहादेवतात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. एका जागी बसलेले ते आमच्या दिंद्रुड गावात कुणी पाहिले नाहीत. जेवतानासुद्धा दोनदा उठून दारात जाऊन यायचे. लढाईवरून येताना या माणसानं पायाला भिंगरी बांधून आणली, असं गाव म्हणायचं.

पहिल्या महायुद्धात ते निजामाच्या रिसाल्याबरोबर पार मिसर आणि शामदेशापर्यंत, म्हणजे इजिप्त-सीरियापर्यंत गेले होते. हुद्दा काही नाही. मोतद्दार, म्हणजे घोड्यांना खरारा करणं आणि लीद काढणं. लढाई जिंकल्यावर कैद्यांची रांग चालली होती. तात्यांच्या एका सोबत्यानं एका जर्मन कैद्याच्या छातीवरचं पदक हिसकलं आणि खेचराच्या गळ्यात अडकवलं. सगळे हसले, तात्याही हसले. तो कैदी मात्र खेचर दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिला. ते बघणं तात्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

गावी परतले तर इथंही एक लढाई नुकतीच संपलेली. पोळ्याला मानाची जोडी कुणाची, म्हणजे वेशीतून पहिले बैल कुणाचे जायचे, यावरून माझे आजोबा त्रिंबकराव आणि शेजारचा सटवा यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. आजोबांकडे माणसं जास्त, शिवाय पाटील त्यांच्या ऊठबशीतला. मान त्यांना मिळाला. पण तेवढ्यावर थांबतील तर ते त्रिंबकराव कसले! त्यांनी पंचांकडून आणखी एक वदवून घेतलं. पोळ्याला सटवाची जोडी वेशीबाहेर उभी राहील. अंगावर झूल नाही, डोक्याला बाशिंग नाही, शिंगांना रंग नाही. साऱ्या गावाचे बैल आत गेले की मग तिनं घरी जायचं.

"दादा, मान मिळाला न्हवं? मग त्याच्या बैलाची झूल तरी ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. आजोबांनी त्यांना गोठ्यातलं शेण काढायला सांगितलं. मला आजोबांचा आजही राग येतो.

पुढं दर पोळ्याला सटवा बोडक्या बैलांचे कासरे धरून खाली मान घालून उभा राहायचा. शेजारी त्याचा पोरगा आश्रुबा. गाव सटवाकडे बघून हसायचं, तात्या त्या पोराकडे बघायचे आणि घरी येऊन येरझाऱ्या घालायचे. सटवा गेला. आश्रुबा तालमीत घुमू लागला, त्याच्या भोवती चार पोरं जमली. तात्यांना मूलबाळ नव्हतं, माझे वडील रामहरी हाच त्यांचा जीव. एखाद्या पोळ्याला या रामहरीचं डोकं फुटणार, या धास्तीनं ते रात्रंदिवस पोखरले जात होते.

१९३९ साली श्रावण सरता सरता बसप्पांच्या दुकानात वर्तमानपत्र वाचलं गेलं. जर्मनांनी पुन्हा लढाई काढली होती. एवढा मार खाऊनही यांची खोड कशी जात नाही, असं बसप्पा म्हणाले. तात्या दाराशी उभे होते.

"मार इसरले असते ते, बसप्पा," तात्या म्हणाले. "ते हरल्यावर आमी जे केलं ते न्हाई इसरले."

तिथून ते तडक आश्रुबाकडे गेले. यंदापासून पोळ्याचा मान तू घे, माझ्या भावाला मी समजावतो, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

"मान ऱ्हाऊ द्या तुमचा तुमालाच," आश्रुबा म्हणाला. "तुमचे बैल येशीबाहेर बगायचेत मला. माझ्या बापाचे हुबे होते तसे."

आजोबा त्या साली दम्यानं खाटेला खिळले होते, म्हणून मानाची जोडी तात्यांच्या हाती आली. पोळ्याच्या दिवशी आश्रुबाची माणसं काठ्या घेऊनच वेशीत उतरली. आमच्याही लोकांनी काठ्या सावरल्या. तात्या पुढं झाले. त्यांनी आपल्या बैलांची बाशिंगं सोडली, झुली उतरवल्या, शिंगांचा रंग धोतराच्या सोग्यानं घासून काढला आणि जोडी घेऊन वेशीबाहेर उभे राहिले. आश्रुबाचे बैल वाजतगाजत पहिले आत गेले, मागून सारं गाव गेलं. काठी कुणाची उठली नाही. शहादेवानं गाव राखलं, असं म्हातारी माणसं म्हणाली. तात्यांच्या मागं माझे वडील उभे होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, तात्यांचंसुद्धा.

घरी पुरणाची पानं वाढली तरी वडील आले नाहीत. तात्या गोठ्यात गेले. मिटलं आता सगळं, चल जेवायला, असं ते मोठ्या आनंदानं म्हणाले. वडील बैलाची पाठ पुसत होते, पुसतच राहिले.

"तात्या," त्यांनी विचारलं, "पुढल्या पोळ्याला आपल्याकडं माणसं किती व्हतील?"