रमजान टेलर आणि सुईचं नेढं

पलूसचे रमजान टेलर आयुष्यात दोनदाच पळाले. शाळेत गुरुजी मागे लागले तेव्हा आणि चौपन्नाव्या वर्षी साखर मागे लागली तेव्हा. डॉक्टरांनी खरं तर चालायलाच सांगितलं होतं. पण घरटी फौजी असलेल्या आमच्या भागात सकाळी नुसतं चालणाऱ्याला लोक विचारतात, "पाय मुरगळला काय?" म्हणून हे पळू लागले.

पंधरा दिवसांनी चमत्कार झाला. पळून आले, घाम पुसला, दुकान उघडलं आणि चष्म्याविना पहिल्याच फटक्यात सुईत दोरा! चष्म्याशी त्यांचं जुनं वैर. त्यात पोरगा अजीम रोज म्हणायचा, "अब्बा, काजं मी करतो. तुमी गल्ल्यावर बसा." हाताचं काज म्हणजे रमजानभाईंचा जीव. सुई सोडून गल्ल्यावर बसायचं म्हणजे पैलवानानं मैदानाच्या दारात तिकिटं फाडायची.

निवृत्त सुभेदार धैर्यशील यांचा कोट काजांसाठी तयार झाला, तशी रमजानभाईंनी अजीमशी पैज मारली. "उद्या पळून येतो आन् तुझ्याम्होरं बिनचष्म्याचा दोरा ओवतो. न्हाई जमलं तर बसतो गल्ल्यावर."

रात्री त्यांनी हिशेब केला. हळू पळून एवढं दिसतं, तर जोरात पळून किती दिसेल!

सकाळी कारखान्याच्या गेटापर्यंत जीव खाऊन पळाले, तसेच परत आले. सुई हातात घेतली तर तिला दोन नेढी, आणि दोन्ही नाचत होती. दोरा तीनदा हुकला. अजीमनं सुई घ्यायला हात पुढं केला.

रमजानभाईंच्या पत्नी रहिमतबी तांब्या घेऊन बाहेर आल्या. "आवं, भरतीला गेलावता का? बसा आधी!"

"बसतो. पर सुई देणार न्हाई."

तोंडावर पाणी मारलं, छातीचा भाता शांत होऊ दिला. दहा मिनिटांनी दोन नेढ्यांचं एक झालं. दोरा आरपार.

"दहा मिन्टं लागली की," अजीम कुरकुरला.

"पैजेत घड्याळ नव्हतं रं," रहिमतबी म्हणाल्या. "बस तू गल्ल्यावर."

सुभेदारांच्या कोटाची सगळी काजं रमजानभाईंनीच केली. आता ते सावकाश पळतात, दम खातात, मग सुई धरतात. संध्याकाळी मात्र चष्मा लावतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "संध्याकाळचं कोण पळतंय?"