कडी लावली का?

आमच्या साडूभाऊंच्या हाती ही पृथ्वी सोपवली असती, तर त्यांनी आधी प्रत्येक डोंगराला दोन पट्टे आणि प्रत्येक माणसाला एक कडी लावली असती, आणि मगच तिला सूर्याभोवती फिरायची परवानगी दिली असती. गुरुत्वाकर्षणावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. टेबलावर ठेवलेली वस्तू टेबलावरच राहते हा तुमचा-माझा भाबडेपणा. त्यांच्या मते ती फक्त संधीची वाट बघत असते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हॅम्बुर्गला विमानं आतून सजवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. सोप्या मराठीत सांगायचं तर ते विमानातल्या कपाटांना कड्या बसवतात. हे असं सोप्या मराठीत सांगितलेलं त्यांना मुळीच खपत नाही. कारण ज्या विमानाला त्यांनी ऐन उमेदीत कड्या बसवल्या, ते साधंसुधं विमान नव्हतं. इथले जर्मन मंत्री ज्यात बसून जगाच्या भेटीगाठींना जायचे ते सरकारी विमान होतं. मूळचं प्रवासी, पण आतून सगळं पालटून त्यात झोपायची खोली, बैठकीची खोली, न्हाणीघर असा संसार मांडलेला. टीव्हीवर कुणी मंत्री त्याच्या जिन्यावरून हात हलवत उतरायला लागला, की साडूभाऊ खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावायचे आणि मंत्र्याच्या काखेतून आत बघत ओरडायचे, "ती बघा, ती! डावीकडची! ती माझी!" मी एकदा विचारलं, "दादा, पण हे मंत्री कोण आहेत?" त्यावर ते म्हणाले, "काय की. मंत्री निवडणुकीत बदलतात हो, कडी तीच राहते."

त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं म्हणजे सामान म्हणून जाण्यासारखं आहे. दारात चपला काढल्या की त्या एका जाळीत जातात आणि जाळीला कडी लागते. मिसळणाच्या डब्यातल्या प्रत्येक वाटीला झाकण, झाकणाला पट्टी, आणि डब्याला वरून पट्टा. त्यामुळे ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची, फोडणी पट्टे सोडवेपर्यंत नेहमी जळते. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रांगता आहे म्हणून त्याला दोन पट्टे, अन्नपूर्णा बसलेली आहे म्हणून तिला एक. चहा येतो तो झाकणाच्या पेल्यात. मुलगी आता हायस्कूलमध्ये आहे, मराठी सगळं समजतं, पण बापाशी ती जर्मनमध्येच बोलते, आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलते: "पपा, बिट्टे, लास दास." म्हणजे बाबा, सोडा ना ते. पण सोडणं हेच तर त्यांना जमत नाही. रात्री निजण्याआधी लोक देवाचं नाव घेतात, हे घरभर फिरून प्रत्येक कपाटापाशी थांबतात आणि स्वतःलाच विचारतात, "कडी लावली का?"

हॅनोव्हरच्या मराठी मंडळाने एका वर्षी भारतातून गणपती मागवला. मूर्ती जहाजाने हॅम्बुर्गच्या बंदरात उतरली, आणि ती गाडीने हॅनोव्हरला पोचवायची जबाबदारी साडूभाऊंनी मागून घेतली. मूर्ती अशी काही बांधली होती की गाडी उलटी झाली असती तरी गणपतीच्या सोंडेला धक्का लागला नसता. हॅनोव्हरला सभागृहापाशी मंडळी ढोल-ताशे घेऊन सज्ज, सोवळं नेसलेले गुरुजी सज्ज, आणि मग लक्षात आलं की पट्ट्यांना कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली हॅम्बुर्गला घरी आहे. विसरले नव्हते ते. किल्ली हरवू नये म्हणून त्यांनी ती भिंतीवरच्या फळीला पक्की बांधून ठेवली होती. शेवटी गाडीचं मागचं दार वर करून प्रतिष्ठापना पार्किंगमध्येच झाली. येणारे-जाणारे जर्मन हे गाडीचंच पूजन समजून कौतुकाने थांबत होते. आरतीनंतर अध्यक्षांनी जरा तिरकस आभार मानले, तर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "आल्झो, ते असू दे, मूर्तीला ओरखडा तरी आहे का?" नव्हता.

आता मी राहतो नेकारसुल्मला आणि काम करतो मोटारींच्या कारखान्यात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मी जमिनीवर सरपटणाऱ्या जमातीतला. मी नवी गाडी घेतली तेव्हा दोघं मुद्दाम आले होते. ताईंनी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, आणि कुंकवात घोळवलेल्या लाल अक्षता टाकल्या. त्यातले चार दाणे समोरच्या काचेच्या खालच्या फटीत गेले. साडूभाऊंचा चेहरा कुणीतरी जवळचं गेल्यासारखा झाला. "गेले ना आत? आता बघा तुम्ही. दोन-तीन वर्षांनी तुमच्या एसीतून बाहेर येतील. सुटी वस्तू कधी ना कधी बाहेर येतेच." मी म्हटलं, "येऊ देत की दादा, तांदूळ तर आहेत." तेव्हा ते माझ्याकडे करुणेने बघून म्हणाले, "तुमचं बरं आहे. तुमच्या गाडीत सुटलेली वस्तू खाली पडते. आमच्याकडे ती वर जाते."

हे 'वर जाणं' किती खरं होणार होतं ते मला नंतर कळलं. सरकारने नवी विमानं घेतली आणि ते जुनं विकून टाकलं. साडूभाऊंनी काही दिवस सुतक पाळल्यासारखं तोंड केलं. पण मग तेच विमान त्यांच्याच कंपनीत परत आलं, वेगळ्या कामासाठी. हे विमान आता आकाशात तिरकं वर चढणार, मग टेकडीवरून उतरावं तसं वळून खाली येणार, आणि त्या वळणावर आतल्या माणसांना वीस-बावीस सेकंद वजनच राहणार नाही. अंतराळवीरांनी त्यात तरंगायला शिकायचं, शास्त्रज्ञांनी आपापले प्रयोग करायचे. मंत्र्यांच्या खोल्या, पलंग, न्हाणीघर सगळं उपटून काढलं आणि जमिनीला, भिंतींना, छताला पांढऱ्या गाद्या लावल्या. सत्तेत असताना माणसांचे पाय जमिनीला लागत नाहीत असं आपण म्हणतो. तिथे आता ते खरोखरच लागणार नव्हते. आणि त्या सगळ्या गाद्या बांधायचं आणि आत एकही सुटी वस्तू उरली नाही हे बघायचं काम कुणाला मिळालं हे सांगायला नकोच. बांगड्या, पेनं, नाणी, शर्टाची सैल बटणं, सगळं दारात काढून घ्यायचे म्हणे. नियमही त्यांनीच घालून दिला होता: जो आत सुटी वस्तू सोडेल, तो या विमानातून उडणार नाही.

आणि या सगळ्यात त्यांच्या शेफने, म्हणजे वरच्या साहेबाने, त्यांना एक वचन दिलं होतं. चाचण्या संपल्या की विमान तयार करणाऱ्यांसाठी एक उड्डाण होणार होतं आणि त्यात एक जागा साडूभाऊंची होती. त्या दिवसापासून माणूस वेडा झाला. पन्नाशी उलटलेली, पोट बऱ्यापैकी सुटलेलं, पण डॉक्टरी तपासणीसाठी भात सोडला. मंडळाच्या कोजागरीला दुधाचा पेला तोंडाला लावून परत ठेवला. पोटाला सवय व्हावी म्हणून घराजवळच्या बागेत जाऊन झोपाळ्यावर उंच उंच झोके घ्यायला लागले, तेही पोरांची रांग मागे उभी असताना. एका जर्मन बाईने हटकलं तर तिला म्हणाले, "हे माझ्या कामाचं आहे." तपासणीत पास झाले त्या दिवशी फोन करून मला पाऊण तास तरंगण्याबद्दल सांगितलं. मी खूप टिंगल केली. म्हटलं, "दादा, तुम्ही आत पट्टा बांधूनच तरंगाल." ते हसले नाहीत. म्हणाले, "नाही हो. एकदा तरी सुटून बघायचंय." जन्मभर सगळं बांधत आलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी टिंगल थांबवली आणि उड्डाण कधी आहे ते विचारलं.

पहिल्या चाचणी-उड्डाणाच्या आधी ताई त्यांना म्हणाल्या, "अहो, मुद्दाम खाली पाडणार म्हणे ते विमान. निदान हळद-कुंकू तरी वाहा त्याला." त्यावर घरात मोठा तमाशा झाला. विमानात कुंकू? अक्षता? अक्कल गहाण टाकली आहे का? पुढची हकीकत त्यांनीच मला नंतर फोनवर सांगितली, कारण साडूभाऊंनी माझ्यापाशी त्याबद्दल आजतागायत अवाक्षर काढलेलं नाही.

विमान वर गेलं, वळलं, आतल्या दोन-चार तंत्रज्ञांचे पाय सुटले, आणि भिंतीवरच्या दोन गाद्यांच्या मधल्या फटीतून काहीतरी बारीक लाल बाहेर आलं. एक दाणा, मग आणखी काही. सगळे दाणे मजेत हवेत तरंगत होते. एक तर एका तंत्रज्ञाच्या चष्म्यापाशी येऊन थांबला. खाली उतरल्यावर बैठक बसली. दाणे एका पारदर्शक पिशवीत घालून टेबलावरून फिरवले गेले. कुणी म्हणालं गंज, कुणी म्हणालं रंगाचे टवके, एका तरुण इंजिनिअरने किड्याची अंडी असावीत अशी शंका काढली. उगम सापडेपर्यंत विमान जमिनीवर राहणार हे तर ठरलंच. शेवटी शेफने ती पिशवी उचलून साडूभाऊंच्या पुढे ठेवली. "हे आता तुम्हीच शोधून काढा. सुटी वस्तू हा तुमचा विषय."

कुणालाही त्यांचा संशय नव्हता. दोन दिवस शोधल्यासारखं करून 'काही सापडलं नाही' म्हटलं असतं तरी ते ब्रह्मवाक्य ठरलं असतं. मी असतो तर तेच केलं असतं, हे मी इथे छातीठोकपणे सांगतो. साडूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "शोधायला नको. हा तांदूळ आहे. मी ठेवला."

"तांदूळ?" शेफने विचारलं. "कशासाठी?"

"विमान सुखरूप परत यावं म्हणून."

शेफने ती पिशवी परत स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाला, "आलं की."

बैठकीत कुणीही हसलं नाही म्हणे. गादीच्या मागे चिमूटभर अक्षता ठेवून, वरून पट्टा घट्ट ओढून, कडी लावून, ती दोनदा तपासून ते उड्डाणाच्या आदल्या दिवशी घरी आले होते. एकदा बंद केलं की वस्तू सुटी राहत नाही असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. जे साऱ्या जगाला त्यांना पटवता आलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच स्वतःला पटवलं. नियम त्यांचाच होता, तेव्हा शेफलाही इलाज नव्हता. भिंतीची एक एक गादी काढून, साफ करून त्यांनी स्वतःच्या हाताने परत बसवली. मग वचन दिलेलं उड्डाण झालं, त्यांच्या जागेवर तो किड्याची अंडी म्हणणारा तरुण इंजिनिअर गेला, आणि पुढे ते विमान आपल्या नव्या मालकाकडे दूर निघून गेलं. ताई म्हणाल्या, "माझ्या एका शब्दापायी झालं हो सगळं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. भात मात्र परत सुरू केला." हे ऐकताना माझ्या जिभेवर विनोद खूप आले होते. सगळे गिळले. या माणसाची मी आयुष्यभर थट्टा केली आहे, पण त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला.

पुढच्या वसंतात ईस्टरच्या सुटीला दोघं आमच्याकडे आली. एका दुपारी मी साडूभाऊंना घेऊन बाहेर पडलो. बसल्याबरोबर त्यांनी माझा पट्टा ओढून बघितला, मागचं दार लागलं का ते बघितलं, पण त्यावर नेहमीचं भाषण दिलं नाही. नेकारसुल्मच्या बाहेर द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून रस्ता खालीवर होत जातो. ऊन चांगलं होतं म्हणून मी एसी लावला, तर आतून टक् असा आवाज झाला आणि काहीतरी त्यांच्या मांडीवर येऊन पडलं. त्यांनी ते चिमटीत धरून उजेडात बघितलं. ताईंनी टाकलेल्या अक्षतांमधला दाणा, लाल रंग विटून फिका झालेला.

"सांगितलं होतं की नाही!" ते ओरडले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला. "गेनाऊ! अगदी बरोब्बर! दोन-तीन वर्षं म्हटलं होतं मी!"

"म्हटलं होतंत, दादा," मी म्हणालो.

तो दाणा त्यांनी तळहातावर ठेवला आणि बघत राहिले. समोर रस्ता चढत होता आणि माथ्यावरून एकदम पलीकडे उतरत होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी वेग कमी करायच्या ऐवजी थोडा वाढवला. माथ्यावर क्षणभर सगळं हलकं झालं, आणि तो दाणा त्यांच्या तळहातावरून अलगद वर उठला. मग गाडी उताराला लागली, आणि दाणा नव्हता.

"गेला वाटतं," मी म्हटलं. "थांबवू का गाडी? शोधू."

सीटखाली गेलेल्या स्क्रूसाठी ज्यांनी एकदा माझ्या जुन्या गाडीची आख्खी बैठक उपसली होती, ते साडूभाऊ समोर बघत म्हणाले, "असू दे. असेल इथेच कुठेतरी." आणि थोड्या वेळाने, जरा संकोचून, "अहो, पुढे कुठे मागे वळता येईल का?"

पुढच्या फाट्यावर मी गाडी वळवली आणि पुन्हा त्याच माथ्याकडे घेतली. या वेळी त्यांच्या तळहातावर काहीच नव्हतं, तरी तो त्यांनी उघडा धरला होता.