ठाकोरजींची बंडी आणि जीवीबेन

आज वहीत आधी हे लिहिते, मग नामजप. हे पोटात ठेवून जपाला बसले तर देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला, आमच्या ठाकोरजींना, नावाऐवजी हेच ऐकू जायचं.

जीवीबेन एकवीस वर्षं आमच्या गल्लीत येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडं द्यायचं. आमची खाडियातली गल्ली तिच्या आईने तिला लग्नात आंदण दिली. दुसरी भांडीवाली इथे पाऊल टाकत नाही. कपडा हातात आला की ती आधी उजेडाकडे धरते, मग कोपरावर ताणते. एकदा म्हणाली, "बेन, तुमच्या साहेबांचं उजवं कोपर आधी विरतं. टेबलावर रेलून लिहितात ना? आणि तुमच्या साड्या मागून विरतात. तुम्ही फार बसता." तिच्याइतकं आमचं घर आमच्या भटजींनाही ठाऊक नाही.

गेल्या मंगळवारी तिच्या पाटीतलं झाकणाचं पातेलं माझ्या मनात भरलं. सकाळी ठाकोरजींच्या सेवेत डोळे मिटून "संसारातली आसक्ती सुटू दे" असं मी मागितलं होतं. अकरा वाजता तीच मी दारात फतकल मारून पातेल्याला धरून बसले होते.

"चार पँटी आणि दोन साड्या दिल्या, जीवी. आता काय माझं घर नेतेस?"

"घर नको बेन, डागडुजीला फार लागेल. एक नग वाढवा."

"ह्या साडीची जर तरी बघ!"

"जर? पिवळा दोरा आहे तो. जरीची साडी तुमच्या सासूबाईंची होती, ती तुम्ही मागेच माझ्या पाटीत घातलीत."

मी चिडून आत गेले, कपाटातून सासऱ्यांच्या जुन्या धोतराची घडी उचलली आणि न उलगडता तिच्या अंगावर टाकली. पातेलं मिळालं. शेजारच्या तीन घरांत ते मी दाखवून आले.

काल दुपारी बा म्हणाल्या, "सूनबाई, उद्या देवउठी एकादशी. ठाकोरजींची बंडी काढून उन्हात घाल." बा म्हणजे माझ्या सासूबाई. कापूस भरलेली ती निळी, बाह्यांची बंडी त्यांनी दृष्टी होती तेव्हा शिवली. नऊ वर्षं त्यांना दिसत नाही, पण दर वर्षी थंडीच्या ह्या एकादशीला टाके बोटांनी चाचपून त्या स्वतःच्या हाताने ती ठाकोरजींना चढवतात. बंडी ठेवलेली असते सासऱ्यांच्या धोतरात गुंडाळून.

"घालते हं, बा," असं मी अगदी गोड आवाजात म्हटलं.

आज पहाटे "देवळात मंगला दर्शनाला जाते" असं सांगून मी, जीवी जिथे माल विकते तो, दिल्ली दरवाज्याचा जुन्या कपड्यांचा बाजार गाठला. सेवेआधी मी धाकट्या जावेचाही पदर लागू देत नाही. तिथे लोकांच्या उतरलेल्या पँटींच्या ढिगांतून वाट काढत चालले होते. एका ढिगावर ह्यांचा शाईच्या डागाचा शर्ट दिसला. गिऱ्हाईक म्हणत होतं, "कोपर गेलंय." मागून जीवीचा आवाज आला, "मग अर्ध्या बाहीचा करून घाला. ब्यांकेतल्या साहेबाचा आहे, नशीब काढाल!"

मला बघून ती म्हणाली, "पातेलं गळतंय?"

"नाही गं. ते धोतर... त्यात बंडी होती."

"होती ना. विकली नाही मी. देवाचा कपडा आम्ही विकत नाही."

माझ्या जिवात जीव आला. ती मला भिंतीशी असलेल्या देवळीपाशी घेऊन गेली. आत वीतभर उंचीची मेलडी माता, जीवीच्या लोकांची देवी. तिच्या अंगात आमची निळी बंडी. मी हात पुढे केला.

"हां हां, बेन! आईच्या अंगावरचं उतरवायचं नाही."

"अगं, पण ठाकोरजींना आजपासून थंडी वाजते!"

"आणि माझ्या आईला वाजत नाही? तुमचे देव तर दार लावलेल्या घरात झोपतात. मला वाटलं, तुम्ही समजून दिलीत. त्या दिवशी देवळीत दिवा लावून तुमचं नावही घेतलं मी."

दुसऱ्या देवाच्या अंगचा कपडा आमच्या ठाकोरजींना चालत नाही, हा नियम मीच सगळ्यांना ऐकवत असते. तरी मनात आलं, बांना कुठे दिसणार आहे? तेव्हा कळलं, ठाकोरजींच्या थंडीची काळजी मला नव्हतीच. मला बांपुढे वाईट ठरायचं नव्हतं.

जीवीने माझ्या तोंडाकडे बघितलं. "बांना सांगून टाका. त्या रागावतील, पण खोटं बोलून चार दिवस जेवण जायचं नाही तुम्हाला. आणि तुमचं जेवण मी बघितलंय."

घरी येऊन मी बांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. पातेलंसुद्धा. बांनी विचारलं, "आईला बाह्या पुरल्या?"

"पुरल्या. पुढची गुंडी लागत नाही."

"हं. आणि आमचे ठाकोरजी आज उघडे?" त्यांनी हात पुढे केला. "भाचीच्या लग्नाला म्हणून तू घेतलेली कोरी रेशमी साडी आण. मी सांगते तसं काप."

कात्री चालवताना माझे डोळे भरून आले. ते भक्तीने, असं लिहायला हवं. पण साडी फार सुंदर होती. बांनी शिवण तीनदा उसवायला लावली. दुपारच्या राजभोगाच्या नैवेद्यापर्यंत बंडी झाली. एक बाही ठाकोरजींच्या हातातल्या लाडवावरून खाली येते. बांनी ती चाचपली आणि म्हणाल्या, "असू दे. लाडू गार होणार नाही."

त्या ठाकोरजींना बंडी चढवत होत्या, तेव्हा मी मागे बसून उरलेलं रेशीम हळूच मापत होते. एक ब्लाऊज निघत होता.

"सूनबाई," बा मान न वळवता म्हणाल्या, "मापाची पट्टी खाली ठेव. उरलेल्या रेशमातून त्या आईच्या बंडीला गुंडीची पट्टी काढ. उद्या तूच जाऊन लावून ये."