भुयारी स्टेशनात निवट्या
किलोभर जिवंत निवट्या मी नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मुंबईला नेल्या, ही चूक माझीच. परवा पनवेलच्या बाजारात या खाडीतल्या माशांची टोपली दिसली, चिखलाचा उग्र दर्प नाकात शिरला आणि ते भुयारी मेट्रो स्टेशन आठवलं. लेकीला सातवा महिना होता आणि तिला डोहाळे लागले होते निवट्यांच्या कालवणाचे. स्कॅनरवरच्या माणसाला ‘घरचं लोणचं आहे’ अशी थाप मारून मी खाली उतरलो. चकचकीत फरशी, थंडगार हवा आणि त्या हवेत तुंबलेल्या गटाराची घाण! नाकाला रुमाल लावून मी फरशी पुसणाऱ्या बाईंवर डाफरलो, ‘एवढा पैसा ओतून शेवटी गटारच बांधलंत ना?’ बिचाऱ्यांनी पुसलं. मी दुसऱ्या बाकावर गेलो, तर तिथेही तोच वास. त्यांनी तिथेही पुसलं. तिसऱ्या बाकापाशी मात्र त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘काका, कुठं कुठं पुसू? गटार तुमच्यासंगं चालतंय.’ खाली पाहिलं, तर निवट्यांनी वळवळून पिशवी फाडली होती आणि काळं, बुळबुळीत पाणी पँटवरून थेट माझ्या बुटात उतरत होतं. मेट्रोचा नाद सोडून मोज्यात पचपच करत वर आलो. एकही टॅक्सीवाला घेईना, म्हणून चालतच लेकीचं घर गाठलं. तिने दार उघडून नाक दाबत जे म्हटलं, ते अजून घरात निवट्या शिजल्या की मला ऐकवलं जातं: ‘बाबा, पिशवी आत द्या, तुम्ही बाहेरच थांबा.’