दगडूदादांचं स्ट्रेचर

त्या वर्षी सातेरीदेवीपुढे दिवा लावणं मी सोडून दिलं होतं. दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला नववा महिना लागला तरी मनात नुसती धास्ती. लालबागच्या आमच्या खोलीत सासूबाई तिन्हीसांजेला देवीशी बोलत बसायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. मागून काय मिळालं, असं वाटायचं. देवीशी अबोलाच धरला होता म्हणा ना.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. ज्या दुपारी मला कळा सुरू झाल्या, त्याच दुपारी आमच्या रस्त्यानं मोठा मोर्चा निघालेला. ट्राम बंद, टॅक्सी नाही. आमचे हे मोर्चात. सुईण बोलवायला माणूस गेला, तो अडकला गर्दीत. तेवढ्यात रक्त जायला लागलं. सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होत्या, “भिऊ नको गो, देवी आसा.” मला त्या शब्दांचा रागच आला. हेही गेलं, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

शेजारणीनं गॅलरीतून आरडाओरड केली आणि खालून दगडूदादा धावत वर आले. ते भोईवाड्याचे. गिरणीत साच्यावर कापड विणायचे आणि पाळी सुटली की विनामोबदला स्वयंसेवक. मोर्चा असो, जत्रा असो, चौपाटीवरचं विसर्जन असो, खाकी टोपी, गळ्यात शिट्टी आणि मलमपट्टीची पिशवी घेऊन हा माणूस हजर. त्या दिवशी खरं तर त्यांची नेमणूक दादरला होती. वाटेत चपलेचा अंगठा तुटला म्हणून आमच्या चाळीखाली शिवून घ्यायला थांबले होते, एवढंच. त्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. सासूबाई एरवी त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करायच्या. त्या दिवशी त्यांनीच दादांना हात धरून आत आणलं.

दादांनी शिट्टी मारली. मोर्चातले तिघे स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन आले. मला उचलून जिन्यावरून उतरवताना मी दोन्ही दांडे घट्ट आवळून धरले. दादा वाकून म्हणाले, “ताई, दांडे सोडा. तुम्ही धरलेत की आमचा तोल जातो.”

“पडेन ना मी!”

“पडायचं असेल तर आम्ही पडू आधी. सोडा बघू.”

मी हात सोडले. छातीवर जोडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मनात काहीच मागणं नव्हतं. जे होईल ते तुझं, एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले.

परळच्या प्रसूतिगृहाची वाट मोर्चातूनच जात होती. दादा पुढे शिट्टी वाजवत, हात हलवत. “बाळंतीण आहे, वाट द्या!” घोषणा थांबली. मग तिच्या पुढची थांबली. माणसं कडेला सरत गेली, आणि एवढ्या हजारोंच्या गर्दीत मला फक्त चपलांचा आवाज ऐकू येत होता. मध्येच स्ट्रेचर क्षणभर थांबलं. डोळे उघडले तर पायाकडचा एक दांडा आमच्या ह्यांच्या खांद्यावर! गर्दीतून माझं लुगडं ओळखून आले होते. चेहरा पांढराफटक, पण पाऊल दादांच्या शिट्टीवर पडत होतं.

मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या. बातमी खाली पोचली तेव्हा मोर्चाचं शेपूट अजून रस्त्यावरच होतं. कुणीतरी ओरडलं, “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” आणि दुसऱ्यानं लगेच, “मुलगी झालीच आहे!” तो हशा खिडकीतून आत आला. स्ट्रेचरमागून चालत आलेल्या सासूबाई हसता हसता रडल्या.

बारशाला त्यांनी दादांना पहिल्या पंगतीत बसवून स्वतः वाढलं. मी पाया पडायला वाकले, म्हटलं, “तुमच्या रूपानं देवीच आली.” ते मागेच सरले. “ताई, देव-देवी मी मानत नाही. चप्पल तुटली म्हणून आलो होतो. थोडी कढी द्या.”

गेल्या वर्षी दादा गेले. शेवटपर्यंत दर विसर्जनाला चौपाटीवर उभे असत. भोईवाड्यातल्या शोकसभेला मी लेकीला घेऊन गेले. अध्यक्ष म्हणाले, दादांनी ज्यांना उचललं, त्यांनी हात वर करावेत. अर्ध्या सभागृहाचे हात वर झाले. एका म्हाताऱ्या कोळ्यानं दोन्ही हात वर केले. “मला दोनदा पाण्यातून काढला रे, दोन्ही वेळा शिव्या देत!” सगळे खळखळून हसले, दादांच्या तसबिरीसमोर, हुंदके आवरत.

मी हात वर केला, लेकीनंही केला. दादांनी ज्याला चपलेचा अंगठा म्हटलं, त्याला मी कृपा म्हणते. त्यावर आमचं कधी भांडण झालं नाही. आजकाल देवीपुढे बसते तेव्हा मागत काही नाही. कुणाला कुठून पाठवायचं ते तिला ठाऊक आहे.