माह्या मोबाईलात मीच पहिला

दोस्तहो, आज सकाळी उमरखेडच्या स्टँडवर माही जी फजिती झाली, ती सांगायलाही लाज वाटून राह्यली.

टपरीवर एक शेतकरी पंपाची जळलेली मोटर घेऊन बसला होता. मोबाईलात रिवायंडिंगवाला, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देणारा, शोधून राह्यला होता. माह्यंही तेच काम. मी छाती फुगवून म्हटलं, "पाहा, पहिलं नाव माह्यंच येते."

त्यानं मोबाईल माह्यासमोर धरला. सात-आठ दुकानं होती. खालपर्यंत पाहिलं, पण माह्यं नव्हतंच.

मी माह्या मोबाईलात तेच शब्द टाकले. पहिला मीच! तो म्हणे, "चाचा, हे तर तुमच्याच मोबाईलात दिसते." अन् मोटर उचलून दुसऱ्याकडे गेला.

घरी पोरीले विचारलं. ते म्हणे, "अब्बू, तुम्ही रोज इथंच बसून आपलंच दुकान शोधता. म्हणून तुम्हाले तेच वर दाखवते. दुसऱ्याले, दुसऱ्या गावात, दुसरंच दिसते."

मले हे आधी कोणी काहून नाही सांगितलं? ते पहिलं नाव पाहूनच तर, गिऱ्हाईक मोबाईलात पाहून येईलच म्हणून, मी मागच्या वर्षी रोडवरचं दुकान सोडलं अन् गल्लीत घरीच काम सुरू केलं. बोर्डही काढून टाकला. गिऱ्हाईक कमी झालं, तर पावसाले दोष देत राह्यलो.

तुमच्या मोबाईलात मी दिसतो का? पाहून खरं सांगा.

मले तर वाटते, वर्षभर माह्यं दुकान शोधणारा एकच माणूस होता. तो मीच.