तोर्गाइरने धुतलेली भिंत

गुन्वोर बाक्केन एकदा बोलली की करून दाखवणारी बाई. म्हणूनच हॉस्पिटलच्या खाटेवरून तिने जेव्हा सांगितलं की, नाताळच्या आत भिंती धुतल्या नसतील तर घरी आल्याबरोबर मी शिडी काढीन, तेव्हा तिच्या नवऱ्याचं, तोर्गाइरचं धाबं दणाणलं. त्याच शिडीवरून पडून तर तिने मांडीचं हाड मोडून घेतलं होतं.

"मी धुतो," तो म्हणाला. 

ते राहत होते त्या दरीत नाताळच्या आधी पाइनच्या फळ्यांच्या भिंती हिरव्या साबणाने धुवायच्याच असतात. घराला त्या साबणाचा वास नसेल तर पाहुणे कॉफीचा कप हातात घेतात पण तोंड वाकडं करतात. तोर्गाइरने बादली भरली, डोक्याला बायकोचा रुमाल बांधला, शिडी लावली आणि थेट छताखालच्या फळीवर ओला बोळा फिरवला. वर्षभराचा चुलीचा धूर आणि त्याच्या स्वतःच्या पाइपची काजळी साबणात विरघळून खालच्या कोरड्या लाकडावरून निवांत ओघळली. प्रत्येक ओघळाचा एक पट्टा उमटला. तो घासायला गेला तर पट्टे आणखी रुंद झाले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही पट्ट्यापट्ट्यांचा.

मग त्याने पुरुषाला सुचतो तो उपाय केला: झाकायला घेतलं. एल्क हरणाचं चित्र, बर्फावर घसरायच्या दोन जोड्या स्की, मेंढीचं कातडं, तीन कॅलेंडरं. तरी चार पट्टे उरले, म्हणून वॉफलचा साचाही खिळ्याला टांगला.

दुसऱ्या दिवशी गुन्वोर कुबड्या टेकत आत आली. भिंत न्याहाळून तिने विचारलं की, दुकान कधी उघडलंस? तो म्हणाला, सणाची सजावट आहे. तिने कुबडीच्या टोकाने मेंढीचं कातडं अलगद बाजूला सारलं.

"वरून सुरुवात केलीस?"

"पाणी वरूनच खाली येतं ना."

"म्हणून तर खालून धुवायची. खालची फळी आधी ओली असली की वरच्या ओघळाचा डाग तिच्यावर बसत नाही. चाळीस वर्षं खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसून तू मला भिंत धुताना बघतोयस, तोर्गाइर. मी कुठून सुरू करायचे?"

तोर्गाइरने आठवून पाहिलं. तिचा रुमाल आठवला, तिचं गुणगुणणं आठवलं. हात कुठून फिरायचा ते काही केल्या आठवेना. त्याला मनापासून लाज वाटली. तेवढ्यात तिने शिडीकडे हात नेला आणि तो झटकन मध्ये उभा राहिला.

"तू चढायचं नाहीस. तू नुसतं सांग, मी करतो."

गुन्वोरने थोडा विचार केला. मग त्याच्या खुर्चीत बसली, दुखरा पाय स्टुलावर ठेवला आणि कॉफी मागितली. तोर्गाइरने कॉफी दिली, एल्क आणि स्की उतरवले आणि गुडघे टेकून अगदी खालच्या फळीपासून सुरुवात केली. कमरेएवढ्या उंचीवर आल्यावर त्याला वाटलं, मागे फारच शांत आहे.

"झोपलीस का गं?"

"नाही रे, बघतेय," ती म्हणाली. "इथून खरंच काही कष्टाचं वाटत नाही."